बाटली की दिवा

बड्या कंपनीचं म्हणणं, विजेचा दिवा आम्हीच शोधला, तेव्हा न्यूयॉर्कातल्या बाकीच्यांनी कारखान्यांना टाळं लावावं. त्यात आमचाही कारखाना आला. मी तिथे काच फुंकायचो. ओटिली ब्रुकमान या म्हाताऱ्या बाईंचं म्हणणं, तसा दिवा माझ्या नवऱ्याने कंपनीच्या कितीतरी आधी केला होता. वर्तमानपत्रांनी त्या मेलेल्या माणसाला थापाड्या ठरवलं होतं. त्याच्या हातचा एकच दिवा उरला होता. बाईंचं म्हणणं खरं ठरलं तर कंपनीचा दावा पडणार आणि आमचा कारखाना वाचणार होता. बाई तो दिवा लोकरी मोज्यात घालून आमच्या बाजूने साक्ष द्यायला कोर्टात घेऊन आल्या.

"आधी पेटवून बघा," त्या म्हणाल्या.

"नको बाईसाहेब," आमचे वकील क्रँडल म्हणाले. "आतली तार जळाली तर पुरावा गेला. आधी आत हवा नाही हे सिद्ध करू, हवेत तार टिकतच नाही."

ते सिद्ध करायची शास्त्रीय रीत अशी, की दिवा पाऱ्यात बुडवायचा आणि त्याचं टोक मोडायचं. आत हवा नसेल तर पारा वर चढून काच भरून टाकतो. पुरावा जपायला इतकी काळजी घेणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

आम्ही तज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या प्राध्यापकांनी टोक मोडलं. पारा आत घुसला, तार तुटली, काच काठोकाठ भरली. क्रँडलसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

कंपनीचे वकील पेल्हॅम शांतपणे उठले. "हवा नव्हती, मान्य. पण हवा काढलेली बाटली म्हणजे दिवा नव्हे. हा कधी पेटला होता का?"

"त्याच्या उजेडात मी मोजे विणलेत!" बाई ओरडल्या.

"तुम्ही बायको. पेटवून दाखवा."

"आता? तुम्ही फोडल्यावर?"

"हरकत नाही," क्रँडल घाईने म्हणाले, "पुढच्या तारखेला दुसरा आणू."

"कुठून आणता हो, मेल्यांनो? करणारा ब्रुकलिनच्या मातीत आहे. त्यालाही उकरून पाऱ्यात बुडवा!"

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. कारकुनाने लेखणी उचलली. समोरची वस्तू काय आहे, ते बाईंनी शपथेवर सांगायचं होतं. क्रँडलनी ओठांनीच खुणावलं: दिवा, दिवा म्हणा.

"माझ्या नवऱ्याचा चांगला पेटणारा दिवा होता," बाई म्हणाल्या, "तो तुम्ही सगळ्या शहाण्यांनी मिळून फोडलात. लिही रे. सगळ्यांची नावं घालून लिही."

दोन्ही वकील एकदम उभे राहिले. हे वाक्य नोंदवू नये, यावर त्यांचं तत्काळ एकमत झालं.