सिद्धम्माच्या नावाची चिठ्ठी

मी एक सोडचिठ्ठी बोलतेय. हे नाव सांगायचीही मला लाज वाटते, कारण मी खोटी आहे.

निजामाचं राज्य होतं. सन त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात नळदुर्गचे कापडव्यापारी मल्लिनाथ तापानं वारले. महिनाभरानं त्यांचा धाकटा भाऊ वीरभद्र मला, म्हणजे एका कोऱ्या कागदाला, घेऊन बलभीमकडं गेला. बलभीम कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचा. कुणाचंही अक्षर हुबेहूब काढायचा. वीरभद्रला भावाचं दुकान आणि शेत हवं होतं, आणि आडवी होती विधवा वहिनी, सिद्धम्मा.

“मालक, बाईमाणसाच्या नावाला डाग लागंल,” बलभीम चाचरला.

“मेलेला माणूस सांगायला येतोय व्हय? लिही तू.”

बलभीमनं लिहिलं, ‘हिची चाल बरी नाही, म्हणून हिला सोडली.’ तारीख घातली मरणाच्या तीन महिने आधीची. खाली मल्लिनाथांची सही शिसपेन्सिलीनं काढली, वरून शाई फिरवली आणि पेन्सिल खोडून टाकली.

माझ्या जोरावर सिद्धम्माला घराबाहेर काढलं. ती माकणीला भावाकडं, नागप्पाकडं गेली. विहिरीवर ती दिसली की बायका गप्प व्हायच्या.

नागप्पानं फिर्याद केली. धाराशिवच्या अदालतीत मुन्शीनं मला खणखणीत आवाजात वाचलं. मागं कुणीतरी हसलं. सिद्धम्मानं पदर मुठीत घट्ट धरला. त्या क्षणी कुणी मला फाडलं असतं, तर मी सुटले असते.

मुन्सिफसाहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, हैदराबादहून अक्षर तपासणारे एक म्हातारे गृहस्थ बोलावले. मल्लिनाथांनी सोलापुरातून नागप्पाला धाडलेली दोन पत्रं त्यांनी माझ्याशेजारी ठेवली आणि भिंग धरलं. खरी सही एका दमात केलेली. माझ्यावरची चार ठिकाणी थांबलेली, थरथरलेली. मग त्यांनी मला खिडकीशी तिरपं धरलं. खोडलेल्या पेन्सिलीचा चरा शाईच्या कडेनं उघडा पडला.

“ही सही केलेली नाही, गिरवलेली आहे,” ते म्हणाले आणि तपासणीत दिसलेलं सगळं कागदावर लिहून दिलं.

बलभीम तिथंच रडत कबूल झाला.

निकाल लागला. घर, दुकान, शेत सिद्धम्माचं ठरलं. तरी ती जागची हलली नाही. हात जोडून म्हणाली, “सायेब, लबाडी सगळ्यांम्होरं मोठ्यानं वाचली. आता खरं बी तेवढ्याच मोठ्यानं वाचा.”

साहेबांनी मुन्शीला खूण केली. तपासणीचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला गेला. सिद्धम्मा उभ्यानं ऐकत होती. या वेळी कुणी हसलं नाही.

ती घरी गेली. मला मात्र पुरावा म्हणून दफ्तरात बांधून ठेवलं. शाई विटली, पण ते वाक्य अजून वाचता येतं. एका भल्या बाईला मी अजूनही वाईटच म्हणतेय, आणि गप्प बसणं माझ्या हाती नाही.

कधी तुमच्या हाती लागले, तर माझ्यामागं टाचलेला त्या म्हाताऱ्यांचा कागद आधी वाचा. मला वाचायचं राहिलं तरी चालेल.