तिसऱ्या हॉर्नची प्रत

शंभर वर्षांचा इतिहास दीड महिन्यात लिहून हवा, असं समितीनं ठरवलं आणि हात झटकले. काम पडलं लायब्ररीबाईंच्या गळ्यात. शहराच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राची सगळी संगीतलिपी तळघरातल्या कपाटांत आणि कपाटांच्या किल्ल्या बाईंकडे. त्यांच्या आधी त्या किल्ल्या पस्तीस वर्षं त्यांच्या वडिलांकडे होत्या. शताब्दी समारंभात वडिलांचा सत्कार व्हायचा होता.

या इतिहासातला एक किस्सा सगळ्यांना तोंडपाठ होता, बाईंना जरा जास्तच. एकेचाळीस वर्षांपूर्वी, खचाखच भरलेल्या सभागृहात शेवटचा सूर थांबला, लोक टाळ्या वाजवणार, तोच चार पितळी हॉर्नांपैकी तिसरा एकटाच वाजू लागला. हशा पिकला. संचालकांनी त्या वादकाला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. पिऊन आला होता, असं ठरून गेलं. तो वादक म्हणजे बाईंचा सख्खा मामा. आईनं भावाचं नाव टाकलं ते कायमचं.

हा किस्सा पुस्तकात चवीनं घाला, असा समितीचा आग्रह. म्हणून बाईंनी त्या मैफलीच्या प्रती काढल्या. संचालकांनी तालमीनंतर, अगदी ऐनवेळी, शेवटाआधीच्या चार ओळी गाळल्या होत्या. असं काही गाळलं की लायब्ररीवाल्यानं प्रत्येक वादकाच्या प्रतीवर निळ्या पेन्सिलीनं काट मारायची, ही तिथली रीत. वादकांनी काही खरडायचं तर साध्या पेन्सिलीनं. तिसऱ्या हॉर्नच्या प्रतीवर निळी काट होती. म्हणजे चूक मामाचीच. पण काटेखालचा कागद खरवडलेला दिसला. बाईंनी पान दिव्याखाली तिरकं धरलं. खोडलेल्या अक्षरांचे वळ दिसले: मैफलीची तारीख, आणि मामाच्या हातचं, ‘इथे खूण नव्हती.’

निळी काट त्या अक्षरांवरून गेली होती, म्हणजे मैफलीनंतर मारलेली. बाकीचे चार ओळी गाळून पुढे गेले, आणि मामा बिचारा त्या ओळींतली हॉर्नची विश्रांती मोजत राहिला, मग आपला शेवट एकटाच वाजवून बसला. निळी पेन्सिल तेव्हा बाबांच्याच हातात असायची.

घरी बाबा शर्टाला बटण लावत बसले होते.

“बाबा, तिसऱ्या हॉर्नची प्रत काढली आज.”

बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, “एकोणऐंशी प्रती होत्या. दीड तास हातात. एक राहिली.”

“आणि मामा प्यायला होता, हे कोणी उठवलं?”

“मी नाही. मी फक्त ‘नाही’ म्हटलं नाही. तू सात वर्षांची होतीस. नोकरी गेली असती तर खाल्लं काय असतं आपण?”

“आईला तरी सांगायचं!”

“तिला सांगितलं असतं तर ती राहिली असती का इथे?”

आता याला काय म्हणावं! बहीण-भावाची ताटातूट करून हा माणूस जन्मभर तिच्याच हातचं जेवला. बाईंना त्यांचा मनस्वी राग आला. त्यांच्या बोटांना सुई धरवत नव्हती, ते बघून रडूही आलं. पण बटण काही बाईंनी लावून दिलं नाही.

मामाचा नंबर आईच्या डायरीत सापडला. दोनदा खोडून नवा लिहिलेला. कुणाकुणाकडून मिळवत राहिली असेल, फिरवला मात्र एकदाही नाही.

“मामा, मी तुझी भाची बोलतेय.”

पलीकडे खोकल्याची उबळ. मग, “केवढी झालीस गं?”

“अठ्ठेचाळीस.”

बाईंनी सगळं भडाभडा सांगून टाकलं. सत्कार रद्द करायला लावते, पुस्तकात खरं काय ते छापते, तुझ्यावरचा डाग जाईल.

“ऑर्केस्ट्राचं काही नाही गं मला,” मामा म्हणाला. “हसायचे ते हसले आणि विसरले. ताईनं एकदा विचारायला हवं होतं, खरंच प्यायला होतास का रे, म्हणून. तिच्याशी खोटं बोललो असतो होय मी?”

बाईंनी आईची डायरी मिटली.

“छाप तू. पहिलं पुस्तक ताईला दे. वाचून झालं की म्हणावं, भावाला एक फोन कर.”

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हा शेजारणीनं विचारलं होतं, मामाला कळवलंत का? आणि बाईच म्हणाल्या होत्या, “त्या दारुड्याला कशाला?”