धुकेबंदरची इस्त्रीवाली

लाँड्रीत दुपारी तीन ते चार जरा उसंत असायची. त्या वेळात भाची काउंटरवर लॅपटॉप उघडून बसायची आणि मावशी मागच्या टेबलावर कोटांवर वाफेची इस्त्री फिरवत तिचे उसासे ऐकायची.

"परत नाही म्हणाले?"

"परत. तिसऱ्यांदा!" भाचीनं कपाळाला हात लावला.

प्रकरण असं होतं. धुकेबंदर नावाचं एक गाव फक्त इंटरनेटवर होतं. दोनेकशे हौशी माणसं तिथे एकेक पात्र होऊन राहायची आणि बोलणं, भांडणं, लढाया, सगळं लिहून करायची. कुणी चेटकीण, कुणी समुद्री चाचा, कुणी तलवारबाज. पण आत शिरायचं तर आधी अर्ज भरायचा: पात्राचं नाव, धंदा, रूप, दोष, भीती आणि त्याची एक सकाळ. अर्ज नगरपाल, म्हणजे हा खेळ चालवणारे, तपासायचे. भाचीनं पाठवलेली राजकन्या चंदेरी केसांची, नऊ विद्या येणारी, एकही लढाई न हरलेली होती. ती तीनदा वेशीवरूनच परत आली होती.

"तूच भर आता," भाची वैतागून म्हणाली. "बघू तुला तरी घेतात का."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक पडद्यांचा ढीग घेऊन आलं आणि भाची उठली. मावशीला वाटलं, कसलंसं मंडळ दिसतंय, खरी माहिती द्यायला हवी. तिनं चष्मा लावला आणि एका बोटानं टाइप करायला घेतलं.

नाव: मावशी. धंदा: इस्त्री. रूप: ठेंगणी, उजव्या मनगटावर जुना चटका. दोष: कुणाची कॉलर वाकडी दिसली की हात शिवशिवतात, एकदा बसमध्ये अनोळखी माणसाची सरळ केली. भीती: इस्त्री कपड्यावर तशीच राहून जाईल. सकाळ: "पहिला शर्ट घेते तेव्हा बोटं गार असतात. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. काल एका शर्टाच्या खिशात चिठ्ठी निघाली, 'आज तरी तिच्याशी बोल.' मी ती परत खिशात ठेवली आणि त्या शर्टाला जरा जास्त कडक इस्त्री केली."

पडदे आत ठेवून भाची परतली तोवर उत्तर आलं होतं. 'प्रवेश मंजूर! इतकं जिवंत पात्र कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.'

"पात्र कसलं?" मावशी म्हणाली. "अगं, मीच आहे ती!"

भाची आधी फुगली, मग हसता हसता स्टुलावरून पडायची राहिली.

दुसऱ्या दिवशी मावशी धुकेबंदरच्या चौकात अवतरली आणि तिनं लिहिलं, 'नमस्कार. कुणाचे कपडे आहेत का?'

चौकातली तलवारबाजी मध्येच थांबली. मग बारा जहाजं बुडवलेल्या चाच्यांच्या सरदारानं लिहिलं, 'माझा अंगरखा... थोडा चुरगळलाय.'

'थोडा? काढा आधी. आणि हे डाग कसले?'

'शत्रूच्या रक्ताचे.'

'गार पाण्यात भिजवा. गरम लावलंत तर जन्मभर जायचे नाहीत.'

आठवडाभरात तिच्या दुकानासमोर रांग लागली. रांगेत दोन वैरी शेजारी शेजारी उभे राहायचे आणि मावशी दोघांनाही गप्प बसवायची.

भाचीला राहवेना. "मावशी, माझा अर्ज एकदा बघ ना."

मावशीनं राजकन्या वाचली. "हिला जमत नाही असं काहीच नाही का गं? तुला स्वतःला काय जमत नाही?"

भाचीनं कपड्यांच्या चिठ्ठ्या उगाच एकावर एक रचल्या. "अनोळखी माणसाशी बोलायला. आधी वाक्य मनात दहादा म्हणून बघते, आणि तरी तोंडातून भलतंच निघतं."

"मग तेच लिही की."

भाचीनं राजकन्या खोडली. नवं पात्र निरोप्याचं होतं: गावभर निरोप पोचवणारी मुलगी, जी प्रत्येक दारासमोर थांबून आपलं वाक्य घोकते आणि दार उघडताच विसरते. अर्ज लिहिताना तिचं तिलाच हसू येत होतं. संध्याकाळी लाँड्रीचं शटर ओढायच्या आत मंजुरी आली.

वेशीवर स्वतः नगरपाल उभे होते. 'कुणाकडे जायचंय?'

भाचीनं तीन वाक्यं लिहिली, तिन्ही खोडली. शेवटी लिहिलं, 'माझी मावशी इथे इस्त्री करते.'

रांगेतून चाच्यांचा सरदार ओरडला, 'मावशींची भाची? अरे, वाट द्या तिला!'