औषधाची फळी

मी एक जुनी सागवानी फळी आहे, आणि मित्रांनो, स्वतःबद्दल सांगताना माझी मान वर होत नाही. कराडच्या वखारीत मला रंधा मारला आणि कडेगावजवळच्या एका गोदामात भिंतीला ठोकलं. माझ्यावर पिकावरची कीड मारायच्या विषाचे डबे असत. आपल्याकडे त्या विषालाही औषधच म्हणतात. लोक मला 'औषधाची फळी' म्हणत आणि मी वेडी फुशारून जाई! डब्यांतून जे गळे ते माझ्यात मुरत गेलं.

१९७६ साली गोदाम पाडायचं ठरलं. फौजेतून परतलेले सयाजीराव मुकादम होते. त्यांनी विहिरीपासून, ओढ्यापासून लांब माळावर, विष मुरलेलं सगळं सामान पुरायला खोल खड्डा घेतला आणि तळाला चिकणमाती चोपून घेतली. धूळ उडू नये म्हणून भिंतींवर पाणी मारूनच त्या पाडायला लावल्या.

"तोंडाला फडकी बांधा. हितली वीटसुदिक घरी न्यायची न्हाई," ते रोज बजावत.

पण कामावरच्या बनुबाईला मी आवडले. 'औषधाचीच तर हाय, त्येनं काय हुतंय?' असं पुटपुटत तिनं मला सरपणाच्या मोळीत दडवून घरी नेलं. तिची लेक विजयमाला बाळंतपणाला आली होती. बाळ नऊ दिवसांचं होतं.

बनुबाईनं माझ्यावर शेळीला ओला कोंडा ठेवला. शेळीनं तो खाल्ला आणि मलाही चाटून पुसून काढलं. दुपारपर्यंत ती पाय झाडून मेली. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. खरं कारण मला ठाऊक होतं, पण सांगणार कशी? लाजेनं मला भुसा व्हावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाळाला शेक द्यायला सरपण उरलं नव्हतं. बनुबाईनं कुऱ्हाड उचलली. एकच घाव बसला. वरून मी वाळले होते, पण आतून उग्र वास सुटला.

"आगं बया! ह्योच वास शेळीच्या तोंडाला येत हुता!"

तिनं मला आणि माझ्या ढलपीला पोत्यात घातलं आणि तडक माळ गाठला. सगळ्यांसमोर सयाजीरावांना म्हणाली, "आवं दादा, म्या चोरून न्हेली हुती. शेळी गेली माजी."

"लेकराच्या शेगडीत तर न्हाई घातलीस?"

"न्हाई."

सयाजीराव म्हणाले, "चूक माजी बी हाय, बाई. न्यायची न्हाई म्हणलो, पण हे औषध न्हवं, इख हाय, ते सांगितलंच न्हाई."

आता मी खड्ड्यात आहे आणि माझ्यावर माती पडते आहे. जुन्या वस्तू तुम्हांला विनवतात, आम्हांला जपा. मला जपू नका, मित्रांनो. माती चांगली दाबा. पुढे कधी कोणी सरपणासाठी इथे खणू लागलं, तर त्याला विजयमालाच्या बाळाबद्दल सांगा. ते वाचलं, पण त्यात माझं श्रेय काहीच नाही.