दोन शेतांचा चिरूट

मी चिरूट. दुकानात काचेमागे जे दिमाखात पडून असतात, त्यांच्यातला मी नव्हे. माझ्या अंगावर सोनेरी पट्टी नाही आणि मला नावही नाही. क्यूबाच्या पश्चिमेला, सान लुईसजवळच्या एका खेड्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला वळलं. पण माझ्यातलं प्रत्येक पान आपली आठवण घेऊन आलंय, म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच आहे.

माझ्या पोटातली पानं एदेल्मिराच्या शेतातली. नवरा आर्सेनियो गेल्यावर ती एकटीच ती जमीन कसत होती. तांबडी, भुसभुशीत जमीन, नदीपासून हाकेच्या अंतरावर. माझ्या चवीचा पहिला वाटा त्या मातीचा. दुसरा उन्हाचा. एकाच झाडाची पानं असली तरी सगळी सारखी नसतात. बुडाची पानं मवाळ, ती जळतात छान. मधल्यांना सुगंध असतो. शेंड्याकडची पानं सगळ्यात जास्त ऊन खातात, म्हणून जाड होतात आणि जहालही. एदेल्मिरा हे जाणून होती. ती पानं एकदम तोडत नसे. खालून वर, जसजशी पिकतील तसतशी, हलक्या हातानं खुडायची.

शेजारचं शेत निकानोरचं, म्हणजे तिच्या धाकट्या दिराचं. भावाला माती देऊन आले त्याच संध्याकाळी तो तिला म्हणाला होता, "वहिनी, तंबाखूला बाईचा हात मानवत नाही. शेत माझ्याकडे द्या. तुम्ही आपल्या कोंबड्या पाळा."

"कोंबड्या आहेतच, भावोजी," एदेल्मिरा म्हणाली. "आणि उगाच आत शिरणाऱ्याला त्या चांगल्या टोचतात."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं. रस्त्यात समोरासमोर आले तर तो बैलांकडे बघायचा आणि ही आभाळाकडे.

त्या वर्षी पीक सुरेख आलं. सुईदोऱ्यानं जोडीजोडीनं ओवलेली पानं लांब काठ्यांवर टांगली होती. झावळ्यांनी शाकारलेल्या त्या उंच वाळवणघरात आम्ही पानं हिरव्याची पिवळी होत होतो. पान घाईनं वाळलं तर कच्चं राहतं, ओल धरली तर बुरसतं. एदेल्मिरा हवा बघून दारं उघडायची, हवा बघूनच लावायची.

फेब्रुवारीत एका दुपारी उत्तरेकडून गार वारा सुटला, त्यामागून पाऊस आला, आणि बघता बघता वाळवणघराचं अर्धं छप्पर उडालं. पानांवर पाणी पडायला लागलं. सोराइदा धावत आली. ती एदेल्मिराची मैत्रीण. शहरातल्या कारखान्यात तिनं उभी हयात चिरूट वळण्यात घालवलेली. दोघींनी मिळेल ते कापड पानांवर टाकलं, पण ते पुरणार नव्हतं.

"निकानोरकडे जा," सोराइदा म्हणाली.

"मरेन, पण त्याच्या दारात जाणार नाही."

"तू कशाला मरतेस बाई? मरतायत ती पानं."

एदेल्मिरा तशीच भिजत निघाली. निकानोर ओसरीत कॉफी पीत बसला होता.

"भावोजी, छप्पर गेलं," ती म्हणाली.

त्यानं कप खाली ठेवला. "बैल जुंपतो," एवढंच म्हणाला आणि उठला.

अंधार पडायच्या आत आम्ही सगळे त्याच्या वाळवणघरात होतो. तिथे आधीच त्याचा माल खच्चून भरलेला. त्यानं स्वतःच्या काठ्या वर आढ्यापर्यंत एकमेकींना चिकटवून सरकवल्या आणि दारालगतची, वाऱ्याची जागा आम्हाला दिली. पाऊस लांबला. आम्ही वाऱ्यावर सुकत राहिलो. वरची त्याची पानं मात्र दाटीत गुदमरली, त्यांना बुरशी चढली. रोज एदेल्मिरा यायच्या आधी निकानोर शिडीवर चढून खराब पानं काढायचा आणि पोत्यात भरून गुपचूप घेऊन जायचा. आम्ही बघत होतो, पण आम्हाला बोलता कुठे येत होतं?

एकदा ती लवकर आली. तो पोतं घेऊन दारातच भेटला.

"काय आहे त्यात?"

"पालापाचोळा."

तिनं हात घालून एक पान काढलं, उलटसुलट केलं, वास घेतला. "हा शेंड्याचा माल आहे, भावोजी. आढ्यावरचा, म्हणजे तुमचा."

"दरवर्षी जातं थोडंफार."

"थोडंफार जातं. पोतंभर जात नाही."

निकानोर चिडला. "मग काय करायचं होतं? दादाच्या जमिनीतलं पीक भिजू द्यायचं?" मग मान खाली घालून हळूच म्हणाला, "आणि तुमच्या हातचं."

एदेल्मिरानं त्याच्या हातातलं पोतं घेतलं आणि बाहेर नेऊन स्वतः रिकामं केलं. दुसऱ्या दिवसापासून शिडीवर ती चढायची आणि खाली निकानोर पोतं धरायचा.

पुढे आमची रास रचली. राशीच्या पोटात पानं तापतात, घाम गाळतात, नाकात झोंबणारा वास सोडतात. तो उग्रपणा एकदा निघून गेला की पानाला गोडी येते. बराचसा माल सरकारी गोदामात गेला. घरापुरता राहिला तो एदेल्मिरानं सोराइदापुढे ठेवला. वरून गुंडाळायचं पान मात्र तिनं निकानोरकडून मागून आणलं होतं. त्याच्या वाचलेल्या पानांतलं सगळ्यात तलम पान.

"दोन घरचा माल एकात?" सोराइदा म्हणाली. "भांडले तर?"

"तू नीट वळ म्हणजे झालं."

"घट्ट वळला तर ओढताना गालफडं बसतात. सैल वळला तर गवतासारखा भसाभस जळतो. मला नको शिकवूस." असं म्हणत तिनं मला वळलं. नंतर देवदाराच्या पेटीत मी निवांत पडून राहिलो, आतली पानं एकमेकांत मुरेपर्यंत.

आज रविवार. एदेल्मिराच्या ओसरीत निकानोरनं मला हातात घेतलं. त्याच्या लेकीनं त्याला आठवड्याला एकच चिरूट ओढायची परवानगी दिली आहे. छातीला मी बरा नव्हे, हे मलाही कबूल आहे. म्हणूनच त्यानं घाई केली नाही. टोक कापलं, दुसरं टोक ज्योतीवर सावकाश फिरवून शेकलं, आणि धूर न गिळता तोंडात घोळवला.

"आधी माती लागते," तो म्हणाला. "मग कॉफी. आणि आता मिरी झोंबतेय."

"मिरी माझी," एदेल्मिरा म्हणाली. "शेंड्याची पानं आहेत ती."

"आणि ही मागून येणारी गोडी?"

"ती तुमच्या वरच्या पानाची."

"छे. राशीत मुरल्याची गोडी ती."

"काहीतरीच. राशीला काय कळतं?"

वाद रंगला. तेवढ्यात निकानोर म्हणाला, "पुढच्या हंगामाला मोठं वाळवणघर बांधावं म्हणतो. दोघांत मिळून एक."

"दारं कुणी उघडायची?" तिनं विचारलं.

"तुम्ही. हवा तुम्हाला जास्त कळते."

ती उठून आत गेली आणि कॉफीचे दोन कप घेऊन आली.

मी आता बोटभर उरलोय. चांगला चिरूट कुणी चिरडून विझवत नाही, बशीत ठेवून देतात आणि तो आपला आपण विझतो. निकानोरनंही मला तसंच ठेवलंय. मातीचे, उन्हाचे, सुईदोऱ्यानं पानं ओवणाऱ्या हातांचे उपकार माझ्या जन्माला पुरून उरतील एवढे आहेत. धूर संपत आलाय, ती दोघं मात्र अजून बोलतायत, दारं कोणत्या दिशेला असावीत यावर. माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही आणि तेच मला बरं वाटतंय. त्यांना बोलू द्या.