जीपच्या मागचं वजन

माणसाची उंची कर्तृत्वाने मोजावी, शरीराच्या मापाने नव्हे, हे थोर सत्य आमच्या गावाला फार पूर्वीच पटलेलं आहे. म्हणून शेजारच्या मकेवाल्याला आम्ही कधी बुटका म्हटलं नाही. आम्ही त्याला फूटपट्टी म्हणायचो, तेही तो पुढे निघून गेल्यावर.

फूटपट्टीनं आपलं सगळं कर्तृत्व एका जुन्या जीपमध्ये घातलं होतं. चारही चाकांना जोर असलेली जीप. कंपनीनं दिलेली उंची त्याला पटली नाही, म्हणून त्यानं ती पुढून-मागून उचलून घेतली होती. मागे स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकाला चेसीस धरून ठेवणाऱ्या ज्या लोखंडी पट्ट्या असतात, ज्यांना मिस्त्री लोक शॅकल म्हणतात, त्या त्यानं लांब घातल्या होत्या. आता स्टिअरिंगवर बसलं की त्याला प्रत्येकाच्या कुंपणावरून अंगणात बघता यायचं, आणि आमच्याशी बोलायचं झालं तर तो तिथूनच बोलायचा.

पण मक्याची पोती वाहून वाहून शॅकलमधले रबरी बुश झिजले, भोकं लंबगोल झाली, आणि जीप मागून उजवीकडे बसली. उभी असली की पाय दुमडायच्या बेतात असलेल्या कुत्र्यासारखी दिसायची. खड्डा आला की मागून ‘खण्ण’ आवाज यायचा. फूटपट्टीला खरं दुःख आवाजाचं नव्हतं. समोरच्या पोल्ट्रीवाल्यानं नवी जीप घेतली होती, आणि ती कुठूनही बसलेली नव्हती.

त्या दिवशी सकाळीच मिस्त्री सामान घेऊन आला. ऊन असं की अंगणातली माती भाजून वीट व्हायला निघालेली. मागची चाकं उतरली, चेसीसखाली लाकडी ठोकळे लागले, गंजलेल्या बोल्टांवर हातोडा सुरू झाला. आम्ही शेजारी कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसलो. गावात दुसऱ्याची गाडी खोललेली असताना आपल्या शेतात जाणं बरं दिसत नाही.

तेवढ्यात वहिनींचा, म्हणजे फूटपट्टीच्या बायकोचा, फोन वाजला. खिंडीपलीकडून त्यांचा भाऊ बोलत होता. फोन कानाला लावून त्या पायरीवर खाली बसल्या.

“आईचं काही खरं नाही,” त्या नवऱ्याकडे येऊन म्हणाल्या. “दादा म्हणतो, शुद्ध आहे. दाराकडे बघते आणि माझंच नाव घेते. लगेच निघा म्हणाला.”

“निघू की,” जीपखालून फूटपट्टीचा आवाज आला. “चाकं लागली की निघू.”

“मी चालत निघते तोवर.”

“खिंड चालत चढणार? ते गुडघे घेऊन?”

वहिनींच्या सासूबाई दारातून म्हणाल्या, “घरात जीप असून सून चालत गेली म्हणजे लोकांनी आमच्या तोंडात काय घालायचं?”

लोक भिंतीवर बसले होते. 

खिंडीपलीकडे गावातल्या दुसऱ्या कुणाचं काही नव्हतं. बाजार, दवाखाना, कचेरी, सगळं अलीकडे. पलीकडे फक्त वहिनींचं माहेर. त्यांनी जायचं काढलं की फूटपट्टी म्हणायचा, तो रस्ता म्हणजे नुसते दगड, पाटे तुटतील. दोन वर्षं पाटे वाचवले होते.

वहिनींनी पिशवी भरली, चांगलं लुगडं नेसल्या आणि जीपपाशी येऊन उभ्या राहिल्या. मिस्त्रीनं जुने बुश ठोकून काढले, नवे दाबून बसवले, शॅकल घातले, चाकं लावली, जॅक उतरवला. दुपारची जेवणं व्हायच्या आत जीप सरळ उभी राहिली.

“आता आवळायचं,” मिस्त्री म्हणाला. “पण मागे वजन पाहिजे. गाडी हवेत असताना बोल्ट आवळला तर बुश पिळून फाटतो. भार घेऊन गाडी बसली की मग आवळायचं. पोती आहेत का चार?”

“पोती कोण उचलणार आता,” फूटपट्टीनं इकडे तिकडे बघितलं आणि त्याची नजर बायकोवर थांबली. “ही आहे की.”

आम्ही भिंतीवर हसलो. वहिनीही जरा हसल्या, कारण बसायचंच होतं. घमेलं पालथं घालून त्यावर पाय देऊन त्या मागे चढल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

“बरोब्बर!” मिस्त्री खालून ओरडला. “वहिनी, हलू नका. लेव्हल सुरेख आलीय.”

डावी बाजू आवळून झाली. उजवीला पाना लागला तेवढ्यात रस्त्यावरून पोल्ट्रीवाला आला. त्यानं आपली जीप शेजारी आणून उभी केली. दोन्ही जीप एका रांगेत आल्या, आणि गावानं जे बघायचं ते बघितलं.

“काय हो,” पोल्ट्रीवाला खिडकीतून खाली वाकून म्हणाला, “गाडी खाली घेतलीत? बरं केलंत. वय झालं की चढायला-उतरायला बरं पडतं.”

“खाली नाही घेतलेली. मागे वजन आहे.”

“असेल, असेल,” तो म्हणाला आणि गेला.

फूटपट्टीनं त्याच्यामागच्या धुळीकडे बघितलं.

“खोल,” तो मिस्त्रीला म्हणाला.

“काय?”

“याच्याहून लांब शॅकल आहेत ना तुझ्याकडे? ते घाल.”

मिस्त्रीच्या पोत्यात लांब जोड होता. त्याला आपलं गिऱ्हाईक माहीत होतं. “अहो, पण वहिनींना जायचंय,” असं तो म्हणाला खरं, पण म्हणता म्हणता त्याचा हात पोत्यात गेला होता.

“अहो,” वहिनी वरून म्हणाल्या, “गाडी चालतेय ना आता?”

“चालतेय म्हणून काय झालं? कशी चालतेय ते बघायला नको? तुझ्याच माहेरी जायचंय. चारचौघांत अशी बुडावर बसलेली गाडी नेऊ?”

“मग मी उतरते.”

“उतरू नकोस, परत चढवायला वेळ जाईल,” नवरा म्हणाला. त्याला वेळेची काळजी होती.

जॅक लागला. जीप मागून उचलली गेली आणि तिच्याबरोबर वहिनीही उचलल्या गेल्या. पिशवी छातीशी धरून त्या वर वर जात होत्या. त्या उंचीवरून त्यांना आमची घरं, मक्याचे धांडे आणि त्यांच्यापलीकडे खिंड दिसत असणार, कारण त्या एकसारख्या तिकडेच बघत होत्या. खाली मिस्त्री नुकतेच बसवलेले बुश काढत होता. नवे असल्यामुळे ते निघता निघेनात.

सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला. वहिनींचा कप जीपच्या फळीवर ठेवला, तो तिथेच राहिला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा लांब शॅकल लागले. जीप मागून एवढी वर आली की पुढून वाकून नमस्कार करतेय असं वाटावं. मिस्त्री पाना घेऊन परत खाली शिरला आणि वहिनींचा फोन वाजला. या वेळी त्या फारसं बोलल्या नाहीत. “हं” म्हणाल्या, परत “हं” म्हणाल्या, आणि फोन पिशवीत ठेवला.

“काय म्हणतो तुझा भाऊ?” फूटपट्टीनं विचारलं.

“सावकाश या म्हणाला. आता घाई नाही.”

भिंतीवर आम्हाला सगळ्यांना कळलं. एकानं चप्पल पायात घातली आणि परत काढली.

“बघ,” फूटपट्टी म्हणाला. “तू उगाच जीव टांगून बसली होतीस. तो स्वतःच म्हणतोय, घाई नाही.”

मिस्त्री जीपखालून बाहेर येईना. सासूबाई आत गेल्या. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

“आवळून झालं का?” त्यांनी विचारलं.

“एक राहिलाय,” खालून आवाज आला.

“मग आवळा.”

त्यानं तो आवळला.

निघताना जे घडलंय ते कुणीतरी फूटपट्टीच्या कानात सांगितलं. त्यानं मान खाली घातली, रुमालानं तोंड पुसलं आणि मग तोच रुमाल आरशावरून फिरवला. शेजारधर्म म्हणून मी बरोबर गेलो. मागचा आवाज ऐकायला मिस्त्रीही आला.

गावाबाहेर बाजाराची वाट सोडून आम्ही खिंडीकडे वळलो. दगड सुरू झाले.

“येतोय का आवाज?” फूटपट्टीनं विचारलं.

“नाही.”

“नीट ऐक.”

“अजिबात नाही.”

मागे वहिनी रडत होत्या. तो आवाज त्यात धरला गेला नाही.

खिंडीच्या पहिल्या वळणाखाली फूटपट्टीनं जीप थांबवली. चारही चाकांचा गिअर टाकला, बाह्या वर सारल्या, “धरून बसा” म्हणाला आणि वळण घेतलं.

वळणापुढे डांबरी रस्ता होता. रुंद, काळा, कडेला पांढरे पट्टे ओढलेला, थेट खिंडीतून वर गेलेला. एक बाई स्कूटरवर पायाशी भाजीची पिशवी ठेवून उतारावरून येत होती. आम्ही मधोमध उभे असल्यामुळे तिला थांबावं लागलं.

“हा रस्ता केव्हा झाला?” फूटपट्टीनं वरून विचारलं.

“मागच्या उन्हाळ्यात,” ती म्हणाली. “पलीकडच्या गावातून रिक्षा येतात की इथपर्यंत.”