भियाच्या जागी

उमरखेडजवळच्या तांड्यात फुलचंदसारखा धीट माणूस नव्हता, पण एमआरआयच्या त्या नळकांड्याचं नाव काढलं की त्याची पाचावर धारण बसे. पोरवयात विहीर खणताना दरड कोसळून तो गळ्यापर्यंत गाडला गेला होता. धाकट्या भावाने, देवसिंगने, नखांनी माती उकरून त्याला बाहेर काढलं होतं.

आता फुलचंदच्या प्रोस्टेट ग्रंथीत कॅन्सर होता, अगदी बारका. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कापायचं नाही, औषध नाही, दरवर्षी फोटो काढून नुसती नजर ठेवायची. सख्ख्या भावालाही तपासून घ्या म्हणाले होते, ते दोघांनी हसण्यावारी नेलं. बायकोला, रुपीबाईला, हा कारभार मुळीच पटला नव्हता. घरात साप पाळायचा अन् दरसाल त्याची लांबी मोजायची, असं ती म्हणे.

पहिल्या वर्षी फुलचंदने दात आवळून फोटो काढून घेतला. यंदा बसमध्येच त्याचे हातपाय गार पडले. सोबत देवसिंग होता. चेहरा तोच, मिशी तीच, तांड्यातल्या म्हाताऱ्याही फसायच्या.

"भिया, तुह्यं आधार कार्ड दे इकडं," देवसिंग म्हणाला. थोरल्या भावाला तो भियाच म्हणे. "त्या नळीत मी झोपतो."

"अन् फोटो तुहा निघंन ना."

"निघू दे. डॉक्टर म्हणंन, फुलचंद बरा झाला. भाभीचा जीव तं भांड्यात पडंन."

हा शुद्ध गाढवपणा होता आणि फुलचंदला तो कळत होता. तरी त्याने कार्ड दिलं. भीती माणसाला अशी लाचार करते, बघा.

रिपोर्टसाठी फुलचंद एकटाच आत गेला. देवसिंग भजी आणायला गेला होता. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले.

"मागच्या वर्षीचा डाग उजवीकडे होता, तो दिसतच नाही," ते म्हणाले. "पण डावीकडे भला मोठा आहे. कमरेच्या हाडातही उतरलेला दिसतो. एका वर्षात सहसा असं होत नाही. कंबर दुखते का?"

"नाही," फुलचंद म्हणाला. दिवाळीपासून कमरेला तेल चोळून घेत होता तो देवसिंग. ट्रॅक्टरच्या सीटला रोज शिव्या देत होता.

फुलचंदने सगळं सांगून टाकलं. डॉक्टर आधी संतापले, मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "भावाला आत आणा," ते म्हणाले.

बाहेर देवसिंग बाकावर भज्यांचा पुडा घेऊन बसला होता. भावाचा पडलेला चेहरा पाहून तो हळूच म्हणाला, "वाढलं काय, भिया? घाबरू नको. मी हाय ना. पुढच्या सालीही मीच झोपतो."

फुलचंदने पुडा बाजूला ठेवला आणि त्याचा हात धरला.

"चाल. डॉक्टर बोलावून राह्यले."

"मले? मले कायले?"

फुलचंदच्या तोंडून शब्द फुटेना. माती गळ्यापर्यंत आली होती तेव्हाही असाच फुटला नव्हता. देवसिंग हसतच उठला, आणि उठताना त्याचा हात कमरेवर गेला.